पुढे काय झालं

देवासला राहून मराठीत लिहिणं म्हणजे दार लावून बोलणं, अशी माझ्या बायकोची, प्रेमलाची, समजूत होती. मुलं हिंदी शाळेत शिकलेली, शेजारी माळवी बोलणारे. आमच्या नात्यातल्या घरांत मराठी बोलतात सगळे, पण वाचणार कोण? त्यामुळे प्रेमला बिनधास्त लिहायची. मी कारखान्यातून निवृत्त झालो, तिने कथा लिहायला घेतल्या आणि मी मटार सोलायला.

पुण्याचा एक प्रकाशक पुस्तक काढायला तयार झाला, पण आधी फेसबुकवर वाचक जमवा म्हणाला. झालं! सकाळी चहाच्या आधी लाइक बघणं सुरू. कथा पुरी टाकायची नाही, हेही त्यानेच शिकवलं. सगळ्यात झोंबणारा तुकडा टाकायचा आणि खाली लिहायचं, ‘पुढे काय झालं? पुस्तकात वाचा.’ साडीवाला नुसता पदर दाखवून साडी गुंडाळून ठेवतो, तसलाच हा प्रकार. मी तसं बोलून दाखवलं, तर त्या दिवशी भाजी अळणी मिळाली.

तिने टाकलेला तुकडा तिच्या धाकट्या बहिणीवरचा होता. इंदू धारला दिलेली, जुन्या दरबारी घराण्यात. तिच्या सासूबाई, राजाबाई, अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेल्या. तरी खोलीत शिरताना सुनेच्या डोक्यावर पदर हवाच. एका दुपारी इंदूने त्यांचं अंथरूण बदललं आणि लगेच ते पुन्हा खराब झालं. इंदूने बाहेरून कडी घातली आणि अंगणात जाऊन बसली. आत त्या हाका मारत राहिल्या. हे तिने फक्त ताईला सांगितलं होतं, रडत रडत. प्रेमलाने नावं बदलली. पण पदर ठेवला, अंथरूण ठेवलं, धार ठेवलं.

लोक तुटून पडले. प्रकाशकाचा फोन आला, हीच कथा पुस्तकात पहिली घेऊ. प्रेमलाने त्या आनंदात शिरा केला.

दुसरा फोन धारहून आला, इंदूच्या मुलाचा, विक्रमसिंहचा. “मावशी, खाली अनुवादाचं बटन असतं ना, मी तेच दाबलं. पूरे मोहल्ले ने दबाया. आजीसाहेबांना पण कोणी तरी वाचून दाखवलं. त्या आता आईच्या हातचं खातच नाहीत. कालपासून फक्त पाणी, ते पण मी दिलं तर.”

मी प्रेमलाला नको नको ते बोललो. मग गाडी काढली.

वाटभर ती पुऱ्या कथेचे कागद मांडीवर धरून बसली होती. पुढे काय झालं ते तिने फार मनापासून लिहिलं होतं, हे मला मान्य आहे. सून दार उघडते, सासूचे पाय पुसते आणि दोघी एकमेकींना धरून रडतात. “एवढं ऐकलं की आईसाहेबांचा राग जाईल,” ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मलाही तसंच वाटत होतं.

इंदूचे डोळे सुजले होते. ती ताईशी एक शब्द बोलली नाही. मला म्हणाली, “जीजाजी, चहा ठेवते.”

राजाबाई भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या. उशाशी खिचडीची वाटी तशीच. प्रेमलाने कागद उघडले आणि वाचायला सुरुवात केली.

“ठेवा ते,” राजाबाई म्हणाल्या. “पुढे काय झालं ते मला ठाऊक आहे. मी तिथेच होते.”

“मग इंदूवर राग कशाला, आईसाहेब?”

“दार लावल्याचा राग त्याच दिवशी गेला. तिच्या जागी मी असते, तर मीही लावलं असतं.” बोलताना त्यांना धाप लागली. “पण तेव्हा खोलीत आम्ही दोघीच होतो, प्रेमलाबाई. आता सगळ्या गावाने माझं अंथरूण पाहिलं. सूनबाईंनी सांगितलं नसतं, तर तुम्ही काय लिहिणार होतात?”

इंदू दाराशी पदर घेऊन उभी होती. ती रडायला लागली.

प्रेमलाने कागदांची घडी केली. फोन काढून पोस्ट पुसली. मग तिथूनच प्रकाशकाला सांगितलं की ही कथा पुस्तकात नाही. तो बराच वेळ बोलत होता. “मग पुस्तक राहू द्या,” ती म्हणाली. एवढ्या वर्षांच्या संसारात तिची इतकी दया मला कधी आली नव्हती, आणि इतका अभिमानही कधी वाटला नव्हता.

“गेलं?” राजाबाईंनी विचारलं.

“गेलं, आईसाहेब.”

त्यांनी हळूहळू मान आमच्याकडे वळवली. इंदू खिचडी गरम करून घेऊन आली आणि त्यांच्या उशाशी बसली.

तेवढ्यात माझ्या खिशातला फोन थरथरला. टोंकखुर्दला राहणाऱ्या माझ्या जुन्या सोबत्याने काही तरी पाठवलं होतं. कुठल्याशा पेजवरचा हिंदी मजकूर, खाली लिहिणाऱ्याचं नावसुद्धा नाही. बंद दार, हाका, अंथरूण, सगळं जसंच्या तसं. शेवटी, ‘आगे क्या हुआ?’ आणि सोबत्याने वर आपल्या माळवी ढंगात लिहिलं होतं, ‘भिया, जरूर पढ़ना.’

प्रेमलाने माझ्याकडे पाहिलं. मी फोन खिशात टाकला.

राजाबाईंनी तोंड उघडलं आणि इंदूने त्यांना पहिला घास भरवला.