दोन बोटं माया

मी एक जुनी कात्री आहे. जुनी म्हटलं, बोथट म्हटलेलं नाही. मित्रांनो, हा फरक आधी ध्यानात घ्या, मग पुढचं ऐका.

तुमच्या दप्तरात रंगीत मुठीची, कागद कापणारी ती चिमुकली असते ना, तिला माझी बहीण समजू नका. मी शिवणकामाची कात्री. कोपरापासून मनगटापर्यंत लांब, आणि वजन असं की नवख्याचा हात तासाभरात भरून यावा. लोहाराने मला भट्टीत लाल केलं, घणाखाली झोडपलं, तेलात बुडवलं. दोन पाती घडवली आणि मध्ये एक खिळा मारून त्यांचा जन्माचा संसार लावून दिला. तेव्हापासून त्या दोघी रोज एकमेकींना घासतात, पण एकीवाचून दुसरीचं चालत नाही. सासू-सुनेची जोडी म्हणा ना! आमच्या दुकानातही एक तशी जोडी आहे. तिची गोष्ट येईलच.

मला विकत घेतलं ते आत्याने. साऱ्या रस्त्याची ती आत्या, मग मीही तेच म्हणते. तेव्हा ती विशीतली होती. शाळा दुसरीत सुटलेली, पण हातात मात्र देवाने मोजपट्टीच दिलेली. नुसत्या नजरेने सांगायची, "याचा डावा खांदा उतरलाय, एक सूत कमी कर." मला घरी आणल्यावर तिने पहिला नियम केला, या कात्रीने कागद कापायचा नाही. कागदाने धार जाते. दुसरा नियम, आत्याखेरीज कुणी हात लावायचा नाही. चाळीस वर्षं दोन्ही नियम पाळले गेले. मला गर्व आहे, आणि का नसावा?

आमचं दुकान सरकारी शाळेच्या फाटकासमोर. गणवेश एकच, निळा सदरा आणि करडी विजार, मुलामुलींना सारखा. शाळा उघडायच्या आधीचे दोन महिने मला श्वास घ्यायला फुरसत नसे. आत्या कापडाचे आठ-आठ पदर फळीवर अंथरी, खडूने रेघ मारी, आणि मी खर्र करून शेवटपर्यंत जाई. प्रत्येक शिवणीत ती दोन बोटं कापड जास्त ठेवी. त्याला आमच्या धंद्यात माया म्हणतात. मूल वाढलं की शिवण उसवायची, माया सोडायची, तोच कपडा पुढच्या वर्षी होतो. "पोर वाढणारच," आत्या म्हणे, "ते वाढणार नाही असं धरून कापड बेततो तो शिंपी नव्हे, खाटीक."

आता तुम्ही म्हणाल, शाळेने शिंपिणीचं पोट भरलं, त्यात काय मोठंसं! अरे, एकट्या शिंपिणीचं कुठे? मी फळीवरून सगळा रस्ता बघत होते. सकाळची घंटा झाली की मुलं आत जात आणि आया बाहेर राहत. त्या मोकळ्या हाताने घरी थोड्याच जातील? कोपऱ्यावर भाजी घेत, चहाच्या टपरीपाशी दोन शब्द बोलत, तुटलेली चप्पल शिवायला टाकत. वह्या-पेन्सिलींचं दुकान होतं. सायकल दुरुस्तीचं होतं. बाहेरगावच्या शिक्षकांनी वरच्या माळ्यावरच्या खोल्या भाड्याने घेतल्या होत्या. घर बघायला कुणी जोडपं आलं की आधी नळाला पाणी किती वेळ येतं ते विचारी आणि लगेच, "शाळा जवळ आहे ना?" सुट्टी लागली की अख्खा रस्ता आजारी माणसासारखा कुशीवर पडून राही. मला लिहिता-वाचता येत नाही, पण एवढं समजायला पुस्तक लागत नाही.

मग पुलापलीकडे दुसरी शाळा निघाली. चकचकीत फाटक, पिवळी गाडी दारात. तिथले गणवेश कुठून तरी लांबून पिशवीत बंद होऊन येत. मी एकदा एक उलटा करून ठेवलेला पाहिला. शिवणीत माया नावाला नाही! मूल वाढलं की फेका. हळूहळू आमच्या रस्त्यावरची मुलं त्या गाडीत बसू लागली, आणि आया घराच्या दारातूनच हात हलवू लागल्या. मग भाजीवाली कोपऱ्यावर कुणासाठी बसणार? सायकलवाल्याने कुलूप लावलं. वह्यांच्या दुकानाचं शटर निम्मं खाली आलं. माळ्यावरच्या खोल्यांत कबुतरं राहायला आली, ती काही भाडं देत नाहीत.

आणि माझं काय झालं म्हणता? मी पोत्यांची तोंडं कापली. सुतळी कापली. एकदा तर, सांगायला लाज वाटते, सूनबाईने मला घेऊन पुठ्ठा कापला. आत्याने पाहिलं. जुनी आत्या असती तर घर डोक्यावर घेतलं असतं. ती नुसती म्हणाली, "असू दे. नाहीतरी काय कापायचंय तिला." त्या दिवशी माझ्या खिळ्याला पहिल्यांदा गंज चढला असावा.

एका दुपारी शाळेच्या मोठ्या बाई दुकानात आल्या. हातात शिक्षण ऑफिसचं पत्र. महिन्याने साहेब पट मोजायला येणार होते. चाळीसात एक जरी मूल कमी भरलं, तर शाळा बंद.

"आणि आता किती आहेत?" आत्याने विचारलं.

"चोवीस." बाई स्टुलावर बसल्या. "कापड मात्र ऑफिसने जुन्याच आकड्यावर पाठवलंय, ताग्यावर तागे. चोवीस गणवेश करा, उरलेलं परत करायचंय. नेहमीची तीन मापं, सारखी वाटून. चोवीस लिहून ठेवा हं आत्या."

आत्याने खडू घेतला आणि फळीच्या कडेला ऐकलं तसं लिहिलं. चोवीस. आधी ऐकू आला चो, म्हणजे चार. मग वीस, त्याचा दोन. मग चार पुढे नि दोन मागे. तिचं काय चुकलं सांगा! आपली भाषाच आकडा उलटा बोलते आणि सुलटा लिहिते.

त्याच आठवड्यात आत्याचं मनगट सुजलं. मला उचलायला गेली आणि तोंडातून 'आई गं' निघालं. चार दिवस बहिणीकडे जाऊन शेकायचं ठरलं. निघताना तिने मला पदराने पुसलं आणि सूनबाईच्या हातात दिलं. चाळीस वर्षांत पहिल्यांदा, स्वतः होऊन.

"फळीवर आकडा आहे. दोन बोटं माया. आणि कात्री उचलायची नाही, फळीला टेकवून पुढे न्यायची. कळलं?"

"कळलं, आई."

"कळलं म्हणजे काय कळलं?"

"कात्री टेकवायची, तोंड बंद ठेवायचं," सूनबाई म्हणाली. आत्या हसू दाबत गेली.

सूनबाई शिकलेली. तिने फळीवरचा आकडा वाचला, बेचाळीस. त्याचे तीन गठ्ठे केले, चौदा लहान, चौदा मधले, चौदा मोठे. सुरुवातीला ती खडूच्या रेघेवरून सारखी घसरत होती. मीही जरा अडून बसले, नव्या हाताची परीक्षा नको का घ्यायला? पण दुसऱ्या दिवशी आमची गट्टी जमली. कितीतरी वर्षांनी मी आठ पदरांतून सरळ गेले. मला आकडे वाचता येत नाहीत, नाहीतर ओरडले असते. खरं सांगू? आले असते तरी ओरडले नसते.

आत्या परत आली ती दारातच थबकली.

"हे एवढे कुणाचे?"

"तुम्हीच लिहिलंय, बेचाळीस."

"चोवीस लिहिलंय मी! हा चार, हा दोन. चो-वीस!"

आठ वर्षांची नात दप्तर घेऊन नुकतीच पिवळ्या गाडीतून उतरली होती. तिने फळीकडे पाहून दात काढले. "आजी, हे बेचाळीस आहे. चोवीसला दोन आधी येतो."

"मग बोलताना चार आधी का येतो?"

नातीला उत्तर सुचलं नाही. माझ्या माहितीत अजून कुणालाच सुचलेलं नाही.

कापलेलं कापड परत जात नाही, मित्रांनो. ते माझ्या जातीचं दुःख आहे. मोठ्या बाईंना कळलं तेव्हा त्यांचा चेहरा खडूसारखा झाला. "अठरा जास्त! ऑफिसला काय सांगू मी?"

आत्याने बसून जास्तीचे अठरा मोजून वेगळे ठेवले. मग उठून तिने मापाची टेप गळ्यात अडकवली. "माझ्या हातचं कापड आजवर वाया गेलं नाही. अठरा कपडे आहेत ना? अठरा अंगं आणते."

रात्रंदिवस मशीन चाललं. सून टीप मारी, आत्या काज-बटण करी. कपडे तयार झाले तशी आत्या ते पिशवीत भरून निघाली. मलाही घेतलं, कुठे काही छाटायचं झालं तर. नव्या इमारतीच्या कामावर पत्र्याच्या खोल्या होत्या. तिथली मुलं कुठल्याच शाळेत नव्हती. आत्याने उपदेश केला नाही. एका मुलीच्या अंगात सदरा घातला, मागे सरकून डोळे बारीक केले आणि म्हणाली, "खांदा बसलाय. उद्या घंटेला येऊन दाखव, चालताना कसा दिसतो ते बघते." तिथून आठ मुलं आली. चपला शिवणाऱ्या काकांनी दोन्ही नातवंडं पाठवली. गाडीच्या धक्क्यांनी रोज ओकणारी पाच जणं त्यांच्या आयांनी परत आणली. एकोणचाळीस! आणि तिथे गाडं अडलं. दारं संपली.

एक दार उरलं होतं, ते आत्याचं स्वतःचं. चहावाला ते बोललाच. कपबशी विसळत, सगळ्यांच्या देखत म्हणाला, "आत्या, सगळ्या गावाला सदरे घातलेत. तुमची नात मात्र पिवळ्या गाडीत. तिच्या मापाचं कापड संपलं वाटतं?"

आत्याच्या जिभेला माझ्याहून धार. पण तेव्हा तिने चहाचे पैसे ठेवले आणि निघाली. घरी येऊन तिने सुनेसमोर मधल्या मापाचा गणवेश ठेवला.

सूनबाईने तो उचललाही नाही. "आई, शाळा बंद पडू नये असं मलाही वाटतं. पण तिथे मुलींच्या संडासाला दार नाही. फडकं लावलंय. माझ्या लेकीला मी फडक्याआड बसवू?"

"आधी का नाही बोललीस?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

आत्याने हात पुढे केला. मग गणवेशाची घडी घालून म्हणाली, "बरोबर आहे तुझं. आधी दार."

दुसऱ्या दिवशी ती सुताराकडे गेली. सुतार म्हणाला, फळ्या नाहीत. आत्या बंद पडलेल्या सायकलच्या दुकानापाशी जाऊन उभी राहिली. "याचं दार कुणाची वाट बघतंय?" मालकाने मान खाली घातली आणि किल्ली दिली. सुताराने ते दार कापलं, रंधलं, वह्यावाल्याने बिजागऱ्या आणल्या, चहावाल्याने कडी बसवली आणि दहा वेळा लावून-काढून बघितली. बंद दुकानाचं दार शाळेला लागलं.

सूनबाई स्वतः आत जाऊन कडी लावून आली.

मोजणीच्या सकाळी पिवळी गाडी दाराशी येऊन भोंगा वाजवू लागली. आत्या मशीनवर पाठ करून बसली होती. विचारायचं नाही असं तिने ठरवलं होतं, आणि तिच्या पाठीकडे पाहून ते तिला किती जड जातंय ते मला कळत होतं. गाडीवाल्याने तिसऱ्यांदा भोंगा वाजवला. मग सूनबाईचा आवाज आला, "जा हो तुम्ही. आमची शाळा समोरच आहे."

नात करड्या विजारीत बाहेर आली. पायाशी दुमड, बाह्या मनगटाखाली.

साहेबांनी ओळीतून फिरत पट मोजला. पुन्हा मोजला. चाळीस. फाटकाशी उभ्या आत्याला त्यांनी विचारलं, "कपडे तुम्ही शिवलेत? सगळेच सैल आहेत."

"सैल नाहीत साहेब, माया ठेवलीय. दोन वर्षं पुरतील. शाळा दोन वर्षं ठेवणार असाल तर सांगा, नाहीतर आत्ताच आवळून देते."

साहेब हसले नाहीत, पण सही केली. "एक वर्ष," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी पुन्हा येईन."

"या की," आत्या म्हणाली. "माप देऊन जा, तुमचाही खांदा उतरलाय."

तर मित्रांनो, रस्ता काही एका दिवसात उठून नाचू लागला नाही. पण वह्यांच्या दुकानाचं शटर पूर्ण वर गेलं. भाजीवाली कोपऱ्यावर परत आली. माळ्यावरची एक खोली नव्या शिक्षिकेने घेतली, कबुतरांनी फार कटकट केली. उरलेले दोन गणवेश आत्याने दुकानाच्या दर्शनी खुंटीवर टांगून ठेवले. येणारा-जाणारा विचारी, कुणाचे? आत्या म्हणे, "येणाऱ्यांचे." त्यातला एक पावसाळ्यानंतर खोली घ्यायला आलेल्या जोडप्याच्या मुलाला गेला. दुसरा अजून आहे.

काल सूनबाईने नातीची विजार माझ्यापुढे उलटी केली. वर्षभरात पोर चार बोटं वाढलीय. सुनेने माझ्या टोकाने दुमडीचा एकेक टाका उचलला. आतलं कापड बाहेर आलं, न मळलेलं, न विटलेलं, पहिल्या दिवशी होतं तसं करडं. आत्या चष्म्यातून बघत होती. "टोक जपून," एवढंच म्हणाली. सुनेच्या हातातून मला काढून मात्र घेतलं नाही.

माझं तुमच्याकडे एकच मागणं आहे. माझ्या पात्यांना तेल द्या, मला कागद कापायला लावू नका, हे तर आहेच. पण तुमच्या घरासमोर जी शाळा असेल, तिला आज भरतील तेवढ्याच मुलांच्या मापाने बेतू नका. दोन बोटं जास्त ठेवा. साहेब पुढच्या महिन्यात मोजायला येणार आहेत. फळीवर नवा तागा अंथरलाय, आणि आत्याने आकडा या खेपेला नातीकडून लिहून घेतलाय. मी धार लावून तयार आहे.