मधल्या दाराची फळी

लहानपणी तापात पाय गेले, त्याचं मुकद्दसला आता फारसं काही वाटत नसे. तिला किळस यायची ती हातांची. ताश्कंदच्या बसमध्ये तिला चाकाच्या खुर्चीसकट चढवायला रोज सकाळी अनोळखी हात तिच्या काखेत, मांड्यांखाली शिरत. कुणाच्या बोटांना चरबीचा वास, कुणाचा तळवा घामट, एखादा गरजेपेक्षा जास्त वेळ रेंगाळणारा. छापखान्यात पोचली की ती आधी नळावर जायची, मग मुद्रितं तपासायला घ्यायची.

खरं तर बसच्या मधल्या दारात खुर्ची चढवायची फळी होती. आकडा घालून ओढली की उलगडून रस्त्याला टेकते. पण एर्गाश ड्रायव्हर कधी खाली उतरला नाही. "गंजलीय ती, ओपा," म्हणायचा. "ताईला उचलायला एवढे भाऊ आहेत ना."

भाऊ होतेच. त्यांना सवाब, परोपकाराचं पुण्य, हवा असायचा, आणि तो सकाळी सकाळी फुकटात पदरात पडत होता.

त्या मंगळवारी दोघं पुढे सरसावले तशी ती म्हणाली, "हात लावायचा नाही. फळी काढा."

एर्गाशने भोंगा दाबला. आतून एक बाई कुरकुरली, "नखरे बघा. उचलतायत तर उचलू दे की. आम्हाला कामं आहेत."

"मलाही आहेत."

पांढऱ्या दाढीचे एक आजोबा दारात वाकले. "मुली, अल्लाच्या नावानं करतात ही पोरं. त्यांचा सवाब का बुडवतेस?"

"माझ्या काखेत हात घातल्याशिवाय मिळत नाही का तो, आजोबा?"

आजोबांचं तोंड एवढंसं झालं. मागे कुणीतरी फसकन हसलं. मुकद्दसने पुढचं चाक दाराच्या खाचेत टेकवलं आणि हाताची घडी घालून बसली. आता दार लागेना, बस हलेना.

शेवटी एर्गाश शिव्या पुटपुटत उतरला, तशी ती मागे सरली. आकडा अडकवला, ओढला. एका ओढीत फळी सुळकन बाहेर आली. गंजाचा मागमूस नव्हता. सांध्यांना ताजं वंगण होतं.

एर्गाश आकडा पँटला पुसत राहिला.

चार वर्षं. या माणसाला वाकायचा कंटाळा, म्हणून चार वर्षं तिने अख्ख्या गावाचे हात अंगावर सोसले होते. तिला जिंकल्यासारखं वाटलं नाही. ती स्वतःच चाकं रेटत वर गेली. खुर्चीच्या जागेवर एर्गाशची गाजरांची पोती रचलेली होती.

"ही हलवा," ती म्हणाली. त्याने ती पायाने ढकलली.

बुधवारी एर्गाशने तिला लांबूनच पाहिलं, बस पलीकडच्या लेनमध्ये घातली आणि न थांबता निघून गेला. खिडकीशी तेच आजोबा बसले होते. त्यांनी मान वळवली.

मुकद्दस फुटपाथच्या उतारावरून रस्त्यावर आली आणि बस थांबतात तिथे मधोमध खुर्ची रोखून बसली. पुढची बस करकचून थांबली. दार उघडलं, दोघं जण बाह्या सरसावत उतरले.

"मागे व्हा," ती म्हणाली, आणि ड्रायव्हर उतरायची वाट बघत राहिली.