तिघींची अमीर

एकट्यानं प्रवास करू नये, आणि तिघं निघाले की एकाला अमीर करावं, म्हणजे वाटेत त्याचं ऐकावं, असं पैगंबरसाहेबांनी सांगून ठेवलंय. दोघी जावा आणि थोरलीची सून, अशा तिघी भाचीचं बाळ बघायला निघाल्या, तेव्हा थोरलीनं कुणाला विचारलंच नाही. "अमीर मी," म्हणाली आणि बसमध्ये खिडकीजवळ बसली.

धाकटी जाऊ गुडघ्यांनी अधू, पण जिभेनं ठणठणीत. "व्हा की जाऊबाई. पण अमीर म्हणजे सोबतच्यांची हमाली करणारा, बरं का. घ्या, माझी पिशवी वर ठेवा."

सून ओढणीत तोंड लपवून हसली. थोरलीला ते हसू झोंबलं. चाळीस वर्षं शिलाई मशीनवर घर ओढलेल्या बाईची सुनेसमोर ही शोभा.

मधल्या थांब्यावर धाकटी नमाज पढायला उतरली. सुनेचा डोळा लागला होता. कंडक्टरनं विचारलं, "आजी, तुमच्या सगळ्या आल्या ना?"

थोरलीनं खिडकीतून पाहिलं. नळापासून कठडा धरत धरत धाकटी येत होती.

"आल्या."

जरा घाबरू दे, पुढच्या वळणावर थांबवते, एवढंच मनात होतं. पण बस मोठ्या रस्त्याला लागली, तिनं थांबवायला सांगितलं तर ड्रायव्हर म्हणाला, आता इथे थांबता येत नाही. वरच्या फळीवर धाकटीची पिशवी. तिच्यातच तिचा फोन, गोळ्या, सगळं.

तीन तासांनी धाकटी मागच्या बसनं भाचीकडे पोचली, एकटी. कुणा बाईनं तिकीट काढून दिलं होतं. सगळ्यांसमोर म्हणाली, "माझीच चूक. हे गुडघे. जाऊबाईंनी हाका मारल्या असतील, मलाच ऐकू आल्या नाहीत."

थोरलीनं बाळ उचलून घेतलं. दोन दिवस मांडीवर बाळ होतं, पण डोळ्यांपुढे तो कठडा धरलेला हात. नमाजाला उभी राहिली की रकात मोजताना चुकायची.

परतीला बसस्टँडवर सून म्हणाली, "आता अमीर कोण?"

"जाऊबाईच," धाकटी म्हणाली.

थोरली म्हणाली, "मी नको. तू येताना मला दिसली होतीस. कंडक्टरनं विचारलं, तर मी म्हणाले, आल्या सगळ्या."

धाकटीनं स्वतःच्या चपलांकडे पाहिलं.

"त्या बाईला मी सांगत होते, माझी जाऊ मुद्दाम असं करणार नाही." मग तिनं पिशवी पुढे केली. "तुमची सुटका नाही. अमीर तुम्हीच. आणि खिडकी माझी."

थोरलीनं पिशवी खांद्याला लावली. मधल्या थांब्यावर धाकटी नमाजाला उतरली तशी तीही उतरली आणि तिच्या चपला हातात धरून नळाशी उभी राहिली. कंडक्टरनं दोनदा हाक मारली. ती हलली नाही.