नलूचा ओरखडा

लाल गाडी पत्र्याच्या मांडवाखाली घेऊन स्वराजने काम सुरू केलं, तेव्हा दिनानाथ ओटीवर खुर्ची टाकून बसले होते. नलूला, त्यांच्या बायकोला, जाऊन महिना होत आला होता. पुण्याला परतण्याआधी वडिलांसाठी काहीतरी करावं म्हणून अजेयने, त्यांच्या मुलाने, अलिबागहून या पॉलिशवाल्याला चौलला बोलावलं होतं. गाडी नव्यासारखी कर, आणि मुख्य म्हणजे डाव्या दारावरचा तो ओरखडा घालव, दादांना तो डोळ्यांसमोर नको असतो, असं त्याला बजावलं होतं.

आता यात अजेयची काय चूक? आल्यागेल्याला चहाच्या आधी तो ओरखडा दाखवायचा, हा दिनानाथांचा नेम होता. पंचावन्नाव्या वर्षी नलू गाडी शिकली आणि एक दिवस कुणाला न विचारता एकटीच अलिबागला जाऊन सिनेमा बघून आली. येताना स्वारी इतकी खुशीत, की फाटकाशी उभ्या असलेल्या शेजारणीला हात करायच्या नादात गाडी चिऱ्याच्या खांबाला घासली. तेव्हापासून दिनानाथ सांगत, "हत्तीएवढा खांब, तोही दिसला नाही हिला." नलू आतून म्हणे, "गाडी तुमची, ओरखडा माझा." आणि पाहुणे हसत. खरं म्हणजे त्या दिवशी दिनानाथांना तिचा असा अभिमान वाटला होता, की रात्री झोप आली नाही. पण बायकोचं कौतुक तोंडावर करायचं म्हटलं की या माणसांच्या घशात माशाचा काटा अडकतो. ते राहून गेलं.

स्वराज मशीनला स्पंजसारखा गोल पॅड लावून एकेक भाग घासत होता. प्रत्येक भाग झाला की मशीन बंद करायचा, पॅडवर ब्रश फिरवायचा, मग साबणाच्या बादलीत बुडवून पिळायचा. मळका पॅड तसाच फिरवला तर चकाकी राहते बाजूला, नवे चरे पडतात, असं त्याने दिनानाथांना समजावलं. रंग जुना असल्यामुळे पॅडला उतरत होता. बादलीतलं पाणी हळूहळू लाल झालं होतं.

मशीन थांबलं की दिनानाथांना वाटे, आता सांगावं. एवढं एक दार सोड म्हणावं. पण का, असं त्याने विचारलं तर? आणि अजेय एवढ्या मायेने करतोय, त्याच्या तोंडावर कसं सांगायचं? बॉनेट झालं, उजवी बाजू झाली, डिकी झाली. दर वेळी पॅड धुतला जाई, आणि दर वेळी दिनानाथ खुर्चीतून जरा पुढे सरकून पुन्हा मागे टेकत.

शेवटी धुतलेला पॅड झटकत स्वराज डाव्या दाराशी उभा राहिला.

"काका, ह्योच ना त्यो?"

हीच वेळ होती. दिनानाथांनी तोंड उघडलं आणि इतक्या वर्षांची सवय बाहेर पडली. "हाच. आमच्या बायकोची करामत. हत्तीएवढा खांब, तोही दिसला नाही हिला."

स्वराज हसला. "टेन्शन न्हाय. आत्ता घालवतो."

आतून मात्र कुणी काही म्हणालं नाही. ती शांतता कानावर आली आणि दिनानाथ ताडकन उठले. थांब, थांब, असं ते म्हणालेही, पण मशीनच्या आवाजात कुणाला ऐकू जाणार? पायऱ्या उतरून, गुडघा सांभाळत ते मांडवाखाली पोचेपर्यंत स्वराज पॅड काढून बादलीत पिळत होता. दार आरशासारखं झालं होतं. दिनानाथांनी त्यावर बोटं फिरवली, पुढून मागे, मागून पुढे. काहीच लागलं नाही.

अजेय चहा घेऊन आला. दार बघून खूश झाला. आईची आठवण त्यालाही आली असावी, कारण त्याचा आवाज जरा ओला होता. "घ्या दादा. आता आईला नावं ठेवायला जागाच उरली नाही."

दिनानाथांचा हात दारावर होता तिथेच राहिला. डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवले नाहीत.

"अजेय, तुला खरंच वाटायचं, मी तिच्यावर चिडलोय?"

"म्हणजे? चिडायचातच की तुम्ही."

"मग तिलाही तसंच वाटलं असेल का रे?"

नाही म्हणावं असं अजेयच्या फार मनात होतं, पण आई त्याच्याशी त्याबद्दल कधी काही बोलली नव्हती.