सात्यांचा पत्ता

रुपाला जंगलात सात्या सापडल्या होत्या. वारुळावर उगवणाऱ्या या रानअळंबीची जागा घरच्यांशिवाय कोणाला सांगायची नाही, हा गावाचा रिवाजच. पण लाखांदूरच्या खुशबूला, थोरल्या बहिणीला, उद्या बोलवायलाच हवं होतं. म्हणून रुपाने फोनमध्ये खास ॲप टाकून आणलं. त्यावरचं बोलणं मधल्या कोणालाही ऐकू जात नाही, अगदी कंपनीलाही नाही.

रेंज फक्त तलावाच्या पाळीवर. ती धावतच वर चढली. मध्ये कोणी ऐकत नाही याची खात्री करायला दोघींनी आधी स्क्रीनवरचे लांबलचक आकडे एकमेकींना वाचून दाखवले. सगळे जुळले, तशी रुपाच्या अंगात वारंच शिरलं.

"आता बिनधास्त बोल, बाई," म्हणत तिने सवयीप्रमाणे स्पीकर लावला आणि फोन तोंडासमोर धरला. "जुन्या मोहाच्या डाव्या हाताले तीन वारुळं हायेत. तिन्ही पांढरी होऊन राहिली. कोनाले सांगू नोको."

"मी काहून सांगू?" खुशबू तिकडून ओरडली.

पाळीखालच्या बांधीत दहा-बारा बाया वाकून धान रोवत होत्या. त्या एकेक करून सरळ झाल्या. चिखलाचे हात कमरेवर ठेवून त्यांच्यातल्या रुखमाने वर पाहिलं.

"रुपा," ती शांतपणे म्हणाली, "एक वारूळ आमी तुया बहिनीसाठी ठेवतो."