ओल्या कागदासमोरचा पंखा

मित्रांनो, माझी मान उभ्या आयुष्यात डावीकडून उजवीकडे हलत आली. म्हणून मला नन्नाचा पाढा लावणारा समजू नका. मी एक जुना टेबलफॅन आहे, एवढंच. वसईजवळच्या भुईगावात ॲन्सेल्म आणि पॉलिन या नवराबायकोच्या घरात मी राहतो. त्यांची घरची बोली वेगळी आहे, ती तुम्हाला झेपणार नाही. तेव्हा सगळं साध्या मराठीतच सांगतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. अंगावर हिरवा रंग होता, तीन लोखंडी पाती होती आणि तोंडावर जाळी होती. अडतीस वर्षांपूर्वी पॉलिनच्या मामाने मला तिच्या लग्नात दिलं. त्या काळी या घरात दुसरा पंखा नव्हता, त्यामुळे माझा रुबाब काय विचारता! पाहुणे आले की मला त्यांच्यापुढे ठेवत. नाताळच्या करंज्या मी गार केल्या. मुलगी इझाबेल शाळेत जायला लागली, तेव्हा तिचे धुतलेले मोजेसुद्धा माझ्यापुढेच वाळत. ॲन्सेल्म दुपारी वाडीतून यायचा, शर्टाची बटणं सोडायचा आणि खुर्ची ओढून थेट माझ्यासमोर बसायचा. मी त्या दोघांच्या मध्ये असलो, की पॉलिनला वारा मिळायचा नाही. "जरा तिकडे वळू दे की त्याला," ती म्हणायची. तो माझी मान तिच्याकडे वळवायचा, पण खुर्ची काही हलवायचा नाही.

मग छताला पंखे आले. आतल्या खोलीत एसी आला. मला गोणपाटात गुंडाळून माळ्यावर टाकलं. अकरा वर्षं मी तिथे होतो. त्या अकरा वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. उंदीर एकदा वायर चावून बघून गेला, त्याला ती आवडली नाही.

पॉलिन प्राथमिक शाळेत शिकवायची. ती निवृत्त झाली, त्याच वर्षी इझाबेलने तिला जलरंगांचा डबा, ब्रश आणि जाड कागदांची वही आणून दिली. इझाबेल आता बोळिंजला फ्लॅटमध्ये राहते. "मम्मी, घरी बसून पप्पांशी भांडण्यापेक्षा चित्रं काढ. यूट्यूबवर सगळं शिकवतात," ती म्हणाली आणि मोबाइलमध्ये व्हिडिओ लावून देऊन गेली.

पॉलिनने ते मनावर घेतलं, आणि त्याला कारण होतं. घरामागे बावखल होतं. बावखल म्हणजे वाडीला पाणी मिळावं म्हणून आमच्याकडे पूर्वी खोदत ते गोड्या पाण्याचं तळं. आता सगळे बोअरिंगचं पाणी घेतात. बावखलावर जलपर्णी माजली होती, डास व्हायचे. ॲन्सेल्मने आणि त्याच्या मोठ्या भावाने मिळून ते बुजवायचं ठरवलं होतं. नाताळ झाला की भरावाचे डंपर येणार होते. पॉलिन नवी नवरी होऊन आली, तेव्हा ते पाणी इतकं स्वच्छ होतं की तळाची पायरी दिसायची. त्या पाण्याचा फोटो मात्र कुणाकडेच नव्हता. लग्नातला एक होता, पण त्यात सगळे पाहुणे ओळीने उभे होते आणि बावखल त्यांच्या पाठीमागे झाकलेलं. मोबाइलवर आता फोटो काढून काय उपयोग? त्यात जलपर्णीच आली असती. ते जुनं पाणी फक्त पॉलिनच्या डोक्यात होतं आणि तिला ते बुजवायच्या आधी कागदावर हवं होतं.

तिने शिकायला सुरुवात केली. मोबाइलमध्ये एक पांढऱ्या दाढीचे परदेशी आजोबा होते, एक कोलकात्याची बाई होती, एक सांगलीचा पोरगेलासा मास्तर होता. ती व्हिडिओ थांबवायची, एक फटकारा मारायची, पुन्हा चालू करायची. दाढीवाल्यांवर तिचा फार विश्वास. ते आकाश रंगवायचे, मग केस वाळवायचं मशीन फिरवायचे आणि दोन मिनिटांत पुढचा रंग लावायचे. पॉलिनकडे ते मशीन नव्हतं. पण तिला मी आठवलो.

मित्रांनो, माळ्यावरून खाली आलो त्या दिवशी मला काय वाटलं म्हणून सांगू! तिने ओल्या फडक्याने माझी जाळी पुसली, पात्यांच्या आसाला तेल दिलं. मी खणखणीत चाललो. मोबाइल माझ्याच पायाशी टेकवून ठेवला होता. पॉलिन कागद ओला करायची, रंग सोडायची आणि माझं बटण दाबायची.

आणि इथेच सगळं बिघडायचं. माझ्या वाऱ्याने पाणी कागदावर एका बाजूला सरकायचं. निळा रंग झाडांत घुसायचा. वरून कोरडा वाटणारा कागद आतून ओलाच असायचा. आमच्या हवेत समुद्राचा दमटपणा भरलेला, इथे काही दोन मिनिटांत वाळत नाही. तिने पुढचा रंग लावला की त्यात फुलकोबीच्या गड्ड्यासारखे डाग फुटायचे. ती आपल्याच बोटांकडे बघायची. "माझा हातच बसत नाही," म्हणायची.

मला कळत होतं का? हो, कळत होतं. मला बोलता येत नाही हे खरं आहे. पण येत असतं तरी मी गप्पच बसलो असतो. अकरा वर्षांनी मला काम मिळालं होतं. ते असं कोण हातचं घालवेल? याची मला लाज वाटते, पण सांगायला बसलोय तर ते लपवत नाही.

वहीची पानं संपत चालली. बर्फाचे डोंगर झाले, देवदाराची झाडं झाली. इझाबेल म्हणायची, "मम्मी, डिट्टो व्हिडिओसारखं आलंय गं!" ॲन्सेल्म म्हणायचा, "भुईगावात बर्फ कधी पडला?" पॉलिन हसायची. मग तिने पहिल्यांदा बावखल काढलं. झाडं दाढीवाल्यांची, आकाश दाढीवाल्यांचं, माडाच्या जागी देवदार. ॲन्सेल्मने चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाला, "काश्मीर छान आहे." त्या दिवशी पॉलिन त्याच्याशी बोलली नाही. मलासुद्धा तिने जरा जोरातच बंद केलं.

नाताळ झाला. डंपर सोमवारी येणार असा निरोप आला. त्या शनिवारी वहीत एकच पान उरलं होतं.

पॉलिनने सकाळीच कागद ओला केला. वर आकाशाचा निळा सोडला, त्याखाली पाण्याचा हिरवा सोडला आणि माझं बटण दाबलं. मी दोन फेरे घेतले, घरघरलो, पोटातून जळका वास आला आणि मी थांबलो. तिने एक, दोन, तीन अशी सगळी बटणं दाबून पाहिली. माझ्या डोक्यावर चापट्या मारल्या. मी ढिम्म.

मोबाइलमध्ये दाढीवाले थांबले नव्हते. त्यांचं आकाश वाळलं होतं आणि त्यांनी झाडं सुरू केली होती. "थांबा ना हो जरा," पॉलिन त्यांना म्हणाली. ते कशाला थांबतात! त्यांनी चित्र पुरं केलं, हात हलवून निरोप घेतला आणि गेले. पॉलिनचा कागद अजून ओलाचिंब होता. तिने मोबाइल पालथा ठेवला.

माझी मान टेबलाकडेच वळून अडकली होती, म्हणून मला सगळं दिसलं. ती आत जाऊन तव्यावरचे बोंबील परतून आली. कागद ओलाच. मागच्या दारात जाऊन जलपर्णीकडे बघत उभी राहिली, परत आली. अजून ओलाच. पण तेवढ्या वेळात निळा रंग आपला आपण खाली उतरला होता आणि हिरव्यात निवांत मिसळला होता. एकही डाग फुटला नव्हता. पॉलिन वाकून बघत राहिली. मग तिने हाताची मागची बाजू कागदाला हळूच लावली, दोरीवरच्या चादरीला लावून पाहतात तशी. गार लागला. म्हणजे अजून नाही.

"अगं बाई," ती स्वतःशीच म्हणाली. "आयुष्यभर कपडे वाळवले मी. एवढं मला कळू नये?"

मग दिवसभर तेच चाललं. रंग लावायचा, घरातलं एक काम उरकायचं, हात लावून बघायचा, पुढचा रंग. मोबाइल पालथाच होता. ब्रशाच्या टोकाने बारीक फांद्या काढायची युक्ती सांगलीच्या मास्तरची, कागदाचा पांढरा भाग राखून पाणी चमकवायची कोलकात्याच्या बाईची, आकाशाचा रंग सोडायची दाढीवाल्यांची. पण माड तिचे होते, पायऱ्या तिच्या होत्या.

संध्याकाळी ॲन्सेल्म आला. तो टेबलापाशी थांबला आणि चष्मा लावून चित्रावर वाकला. काश्मीर म्हणाला नाही.

"रहाट कुठाय?" त्याने विचारलं.

"मी आले तेव्हा तो मोडून पडला होता. मी पाहिलं तेच काढलंय."

त्याने बोट कागदाच्या अगदी जवळ नेलं, पण टेकवलं नाही. "ही तळाची पायरी. इथे मला दादाने पोहायला शिकवलं." मग त्याने चष्मा काढला. "बुजवायच्या कागदावर मीच सही केली, पॉलिन."

"माहीत आहे," ती म्हणाली आणि त्याच्यासाठी चहा टाकायला गेली.

सोमवारी डंपर आले. मंगळवारी दुपारपर्यंत बावखल बुजलं.

गल्लीतला वायरमन विघ्नेश मला उघडून बघून गेला. "आंटी, कॉइल जळली. भंगारात देऊन टाका," तो म्हणाला. पॉलिनने त्याला खुशाल होकार दिला. मग चित्र टांगायला खिळा मिळेना, तेव्हा तिने कपड्यांचे दोन चिमटे घेतले आणि चित्र माझ्या जाळीला लावून टाकलं. तेव्हापासून भंगाराचा विषय निघालेला नाही. ॲन्सेल्म जेवण झालं की खुर्ची ओढून माझ्यासमोर बसतो. वारा नाही, काही नाही, तरी बसतो.

मित्रांनो, जुने पंखे जपा असं मी म्हणणार नाही. मी काय उद्योग केला ते तुम्ही ऐकलंच आहे. माझी विनंती वेगळी आहे. कुणी काही शिकत असेल, तर त्याला वाळायला वेळ द्या, वर वारा घालू नका. आणि तुमच्या घरामागे पाणी असेल, तर ते आहे तोवर एकदा नीट बघून ठेवा.

गेल्या रविवारी इझाबेल आली होती. ती माझ्यापुढे उभी राहून फोनवर बोलत होती. ॲन्सेल्म खुर्चीतून म्हणाला, "इझा, बाजूला हो गं. पाणी दिसत नाहीये."