सुनेनं घ्यायचं नाव

"हा चोंग अता कोण, झूराकान एजे?" तिलेकनं संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. "आडनावाच्या जागी नुसतं टिंब. जन्मतारीख एक जानेवारी. असे तीनशे अकरा एक्स-रे बेवारस पडलेत तुमच्याकडे."

तिलेक राजधानीतून, बिश्केकहून आला होता. वयानं लहान, म्हणून मला एजे म्हणजे ताई म्हणायचा. दवाखान्याच्या नोंदी एका संगणकात, एक्स-रेंचा साठा दुसऱ्यात, आणि दोघांची इतक्या वर्षांत तोंडओळखही नव्हती. ती करून द्यायचं त्याचं काम. नाव आणि जन्मतारीख जुळली तरच छाती माणसाला चिकटणार.

"माझे सासरे," मी म्हणाले.

"आणि नोंद कुणी केली ही?"

"मीच."

सव्वीस वर्षं मी एक्स-रे विभागात नोंदी करते. चार वर्षांपूर्वी खोकला हटेना म्हणून सासऱ्यांना इथं आणलं. त्यांचा पासपोर्ट माझ्याच पिशवीत होता, पण बोटं अडली. आमच्यात सून सासऱ्यांचं नाव घेत नाही. मग पासपोर्ट न उघडताच माझी मुलं हाक मारतात तेच टंकलं, चोंग अता, आणि तारीख ठोकली एक जानेवारी. चोंग अता म्हणजे आजोबा. शहाणीच मी! अर्ध्या खोऱ्यात आजोबाच आहेत.

कालच्या एक्स-रेत त्यांच्या उजव्या फुप्फुसावर एक ठिपका निघाला. बिश्केकला नेऊन छाती उघडायची, असं ठरत आलं होतं. ऐंशी वर्षांची छाती. ठिपका चार वर्षांपूर्वीही एवढाच असेल तर तो जुना व्रण, हात लावायचं कारण नाही.

"मग जुना एक्स-रे बघा ना," मी डॉक्टर सुल्तानातला सकाळपासून विनवत होते.

"बघितला, एजे. पण तो कुणा चोंग अताचा आहे. त्याच्या भरवशावर मी तुमच्या अतांना घरी कशी पाठवू? आधी जोडून दाखवा."

"जोडू की," तिलेक म्हणाला. "पण एजे, नियम तुमचाच आहे. जो खात्री देतो त्यानं पासपोर्ट मोठ्यानं वाचायचा, दुसऱ्यानं पडद्यावर ताडून बघायचं."

नियम माझाच. एकदा बुरुलचा नावाच्या दोघीजणी एकाच दिवशी आल्या आणि धडधाकट पायाला प्लास्टर बसलं, त्यानंतरचा.

"डॉक्टरबाई वाचतील."

"चार वर्षांपूर्वी एक्स-रे काढला तेव्हा त्या होत्या का इथं?"

"मग अतांनाच विचार, बसलेत ते बाकावर."

"त्यांना काय माहीत, कुठली छाती त्यांची! यंत्रासमोर तुम्ही उभं केलंत त्यांना. घ्या, वाचा. का बिश्केकची गाडी सांगू?"

लग्नाला एकतीस वर्षं झाली. एकदाही त्यांचं नाव ओठावर आलं नव्हतं. मी बाकाकडे पाठ केली आणि पासपोर्ट उघडला.

"जानीबेकोव एसेनकुल. जन्म तेरा मार्च एकोणीसशे त्रेचाळीस."

मागे काठी वाजली. सासरे उठून उभे राहिले होते.

"हजर," ते म्हणाले.

तिलेकनं कळ दाबली. दोन्ही एक्स-रे शेजारी शेजारी आले. सुल्तानातनं ठिपका मोजला, पुन्हा मोजला.

"तेव्हा नऊ मिलिमीटर, आजही नऊ. कापायचं नाही, एजे. घेऊन जा त्यांना घरी."

मी पासपोर्ट मिटला. मग आठवलं, सासरे अजून उभेच आहेत.

"बसा, अता. झालं सगळं."

"जुमाश गेला त्याला सहा वर्षं झाली," ते म्हणाले.

जुमाश त्यांच्या बरोबरीचा शेवटचा माणूस. त्यानंतर गावात उरलेले सगळे त्यांच्याहून लहान. सगळ्यांचे ते अता, नावानं हाक मारणारं कुणी नाही.

"चुकले मी, अता. माफ करा."

"चुकलीस खरी. फार हळू वाचलंस."

टोपी सारखी करून ते तसेच उभे राहिले. मी पासपोर्ट पुन्हा उघडला.